ऐकू येणारी खिडकी

सोमवार, ६ फेब्रुवारी

शुक्रवारी दुपारी एका रक्तपेढीतून फोन आला होता. तिथल्या तंत्रज्ञबाई सांगत होत्या की मुदत संपलेली रक्ताची एक पिशवी आमच्या कंपनीने दिलेल्या प्रोग्रॅमच्या स्क्रीनवर "वापरण्यायोग्य" म्हणून दिसतेय. त्यांच्या लक्षात आलं म्हणून त्यांनी ती बाजूला काढली. नसतं आलं तर काय, हा विचार मी तीन दिवस टाळतेय.

चूक कुठे असेल ते मला फोनवरच कळलं होतं. कोड मीच लिहिलेला. फक्त खात्रीसाठी डेटाबेसमध्ये एकदा डोकवायचं होतं. पण आमच्याकडे डोकवायचं म्हणजे अर्ज करायचा, आणि अर्ज जातो तिजोरीसाहेबांकडे. डेटाबेस त्यांच्या ताब्यात. पूर्वी कुणीतरी नुसतं बघता बघता अख्खं टेबल, म्हणजे हजारो नोंदी, पुसून टाकलं होतं, तेव्हापासून त्यांनी सगळी दारं लावून घेतली आणि हे नाव कमावलं. अर्जाला आज दुपारी मंजुरी मिळाली. समोरचा चहा निवायच्या आत चूक दुरुस्त झाली.

तेवढ्यासाठी ती बाई शनिवार-रविवार फ्रिजसमोर उभी राहून एकेक पिशवी हाताने तपासत होती.

मी सरळ मॅनेजरबाईंच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, आम्ही दिवसभर एडिटरमध्ये कोड लिहितो. त्याच एडिटरला एक खिडकी हवी, डेटाबेसकडे उघडणारी. त्यातून दिसेल, पण हात आत जाणार नाही. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या की तसंही मे महिन्यापासून हे सगळं काम बाहेरच्या कंपनीला द्यायचं चाललंय आणि आमची टीम जिथे जागा मिळेल तिथे पांगणार आहे. एप्रिलअखेर मी काही करून दाखवलं आणि त्यावर तिजोरीसाहेबांची सही आणली, तर काम इथेच ठेवा म्हणून त्या वरिष्ठांकडे शब्द टाकतील.

हो म्हणून आले.

गुरुवार, ९ फेब्रुवारी

दादा चहाला आला होता. त्यांची किटली बिघडलीय म्हणे. वहिनींनी त्याला वर पिटाळलं. ते दोघं खालच्या मजल्यावर, मी वरच्या. जिन्याच्या कठड्याला धरून येतो एकटाच.

दादाच्या डोळ्यांचा पडदा गेला त्याला आता दोन वर्षं झाली. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग मधलं. त्याआधी तो आमच्याच कंपनीत होता, तिजोरीसाहेबांच्या शेजारच्या खुर्चीत. डेटाबेस मला शिकवला तो त्यानेच. नोकरी सोडली तेव्हा म्हणाला, कॉम्प्युटर हा डोळ्यांचा धंदा आहे, माझा संपला. त्यानंतर तो विषय घरात कुणी काढत नाही.

आज माझ्या टाइपिंगचा आवाज ऐकून त्यानेच विचारलं, काय बडवतेयस? मी सांगितलं. "खिडकी?" तो म्हणाला, "मला मेल्याला खिडकीचा काय उपयोग?" आणि हसला. ते हसणं मला आवडत नाही.

चहा संपला तरी बसून होता. ओळी कुठून आणणार, परवानगी कोण तपासणार, असलं काहीबाही विचारत होता. खाली करमत नसणार.

शनिवार, १८ फेब्रुवारी

खिडकीचं पहिलं रूप तयार झालं. खोट्या माहितीवर चालतंय, कारण खरी माहिती घरी आणायची नाही हा नियमच आहे. दिसतंय झकास! रेखीव चौकटी, मुदत संपलेलं लाल, चांगलं हिरवं. मी खुशीत दादाला म्हटलं, बघ, आणि जीभ चावली. तो शांतपणे म्हणाला, "वाचून दाखव ना. तुझ्या मशीनमध्ये ती बाई असेल."

ती बाई म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा आवाज. चालू केला. ती बोलू लागली: ओळ एक, स्तंभ एक, रिकामं. ओळ एक, स्तंभ दोन, रिकामं. ओळ एक, स्तंभ तीन, बी पॉझिटिव्ह. दादाने मान खाली घालून बराच वेळ ऐकलं. मग म्हणाला, "पिटुकले, मी तुला रस्ता विचारला आणि तू मला त्यातली खडी मोजून दाखवलीस."

चाळिशीच्या बाईला पिटुकले म्हणणारा हा जगात एकच माणूस आहे, आणि आज त्याचा भयंकर राग आला. बारा दिवस राबून केलेलं काम! ते काही आंधळ्यांसाठी केलेलं नव्हतं, आमच्या टीमसाठी केलं होतं. त्याला मला नाउमेद करण्यात काय मजा येते कळत नाही.

रविवार, १९ फेब्रुवारी

सकाळी भांडी घासताना दादाचं बोलणं आठवलं आणि हात थांबले. त्या सोमवारी मंजुरी मिळाल्यावर मी काय पाहिलं होतं? हजारो ओळींच्या चौकटी समोर होत्या आणि मी डोळे ताणून खालीवर करत होते. मला हवं होतं एकच वाक्य: मुदत संपलेल्या किती पिशव्या चांगल्या म्हणून दाखवल्या जातायत?

म्हणजे खिडकीने आधी बोलायला हवं. किती सापडलं, काय रिकामं आहे, वेगळं काय दिसतंय. चौकटी नंतर, कुणी मागितल्या तर. डोळे असलेल्यांनासुद्धा हेच हवंय.

सगळं मोडून पुन्हा मांडायला घेतलं.

शुक्रवार, ३ मार्च

टीममध्ये सगळे खिडकी वापरायला लागले, अर्थात चाचणीच्या खोट्या प्रतीवर. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर आधी दोन-तीन साध्या वाक्यांत येतं. सगळ्यांचं म्हणणं एकच, हे आधी का नव्हतं?

बदल करायचा असेल तर त्याची वाट वेगळी ठेवलीय: खिडकी तो आधी प्रतीवर करून बघते आणि सांगते: याने एवढ्या नोंदी बदलतील, बाकी कशालाही धक्का नाही. मग दुसऱ्या माणसाने होकार दिल्याशिवाय पुढे जात नाही. ही दुसऱ्या माणसाची अट दादाची. म्हणाला, एकटा माणूस स्वतःला फार लवकर हो म्हणतो.

हल्ली तो त्या आवाजाचा वेग इतका वाढवतो की मला एक अक्षर कळत नाही, नुसती चिवचिव. मी म्हटलं, हे काय, कमी कर. म्हणाला, सवय होते. कुठे झाली सवय कुणास ठाऊक. दिवसभर घरात तर नुसता बसून असतो म्हणे.

जिन्यात वहिनी भेटल्या. म्हणाल्या, परवा आंघोळ करताना हा शिट्टी वाजवत होता गं, किती दिवसांनी. मी म्हटलं, अगंबाई, मला वाटलं पाण्याचा पाइप वाजतोय. इमारतीचे पाइप बदलायला झालेत खरंच. नवीन किटली घेऊन देऊ का तेही विचारलं, तर नको नको म्हणाल्या, दुरुस्तीला टाकलीय. एका किटलीला महिना लागतो दुरुस्तीला!

रविवार, ५ मार्च

आज दादाने मला पेचात टाकलं. रक्तदात्यांची नावं, पत्ते, फोन खिडकीत झाकलेले असतात. नावाच्या जागी फुल्या. मी ते जरा मिरवूनच सांगितलं. तो म्हणाला, "नाव झाकलंस. माणूस झाकलास का?"

मला कळेना. मग त्याने विचारलं की आपल्या इमारतीत पन्नाशीचा, उंच, आंधळा पुरुष कोण, असं कुणी विचारलं तर किती जण निघतील? नाव कशाला लागतंय? तसंच दुर्मिळ रक्तगटाचं. गट विचारायचा, मग वय, मग राहण्याचा भाग. शेवटी एकच माणूस उरतो आणि फुल्यांमागून त्याचा चेहरा दिसतो.

तो अगदी सहज बोलला, पण ते "आंधळा" मला लागलं. त्याला लागलं नसावं, कारण लगेच बिस्किट मागितलं.

तर नवा नियम: उत्तर अगदी थोड्या माणसांपाशी येऊन थांबत असेल तर खिडकी ते दाखवणार नाही.

मंगळवार, १४ मार्च

तिजोरीसाहेबांसमोर मांडलं. नाही म्हणाले. मी बोलायचं थांबायच्या आधीच नाही म्हणाले. कारणंही नेहमीचीच, एकाला खिडकी दिली की दुसरा दार मागतो, वगैरे. मीही चिडले. म्हटलं, साहेब, त्या तंत्रज्ञबाई दोन दिवस फ्रिजसमोर उभ्या होत्या तेव्हा आपल्या दारांनी कुणाचं रक्षण केलं?

फार बोलले, असं वाटलं. पण त्यांनी टेबलावरचं पेन सरळ करून ठेवलं आणि म्हणाले, "ठीक आहे. दोन आठवडे मला दे. मी ती फोडून दाखवतो. नाही फुटली तर सही करतो."

म्हणजे यांनी आधीच ठरवलंय फोडायचं.

निघताना दारात पुन्हा हाक मारली. म्हटलं आता काय. तर म्हणाले, घरी सगळे बरे ना? मी म्हटलं, हो. "तुझा दादा?" म्हटलं, बरा आहे. ते आणखी काहीतरी बोलणार होते बहुतेक, पण माझी दुसरी मीटिंग होती. औपचारिकता पाळण्यात माणूस पक्का आहे. दोन वर्षांत घरी फिरकला नाही, आणि चौकशी मात्र दारात उभं करून.

दादाला सांगितलं नाही. त्यांचं नाव काढलेलं त्याला चालत नाही.

सोमवार, २७ मार्च

लढाई बघण्यासारखी झाली. तिजोरीसाहेबांनी खिडकी खऱ्या डेटाबेसला जोडली आणि मला शेजारी बसवून एकेक डाव टाकला.

आधी नुसता बघण्याचा प्रश्न आहे असं भासवून त्याच्या पोटात बदल करणारी आज्ञा लपवली. खिडकीने ती ओळखून परत पाठवली. मग एक असा प्रश्न विचारला की जो सोडवता सोडवता डेटाबेसची दमछाक व्हावी आणि बाकी सगळं ठप्प व्हावं. खिडकीने थोडी वाट पाहिली, प्रश्न मध्येच तोडला आणि नम्रपणे सांगितलं की जरा लहान घास घ्या. (ते वाक्य माझं. मला फार आवडतं.)

मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली. दुर्मिळ रक्तगट टाकला. मग वय. मग भाग. खिडकी म्हणाली: हे उत्तर फार थोड्या माणसांपर्यंत पोचतं, दाखवता येणार नाही.

तिजोरीसाहेब म्हणाले, "हा विचार तुझा नाही."

म्हटलं, नाही. दादाचा.

त्यांनी चष्मा काढला आणि रुमालाने पुसत बसले. इतका वेळ की काचा झिजल्या असतील. हरल्याचं फार मनाला लावून घेतलं वाटतं. मुदत संपायला अजून एक दिवस आहे म्हणाले आणि मला जायला सांगितलं.

मंगळवार, २८ मार्च

फुटली.

पहिला शब्द टाइप केला की पुढचे शब्द सुचवणं, ही माझ्या खिडकीतली माझी सर्वांत लाडकी गोष्ट. तिजोरीसाहेबांनी आज नावाच्या रकान्यात एकच अक्षर टाइप केलं आणि खाली सूचनांची यादी उघडली. त्या अक्षरापासून सुरू होणारी रक्तदात्यांची खरी नावं, एकाखाली एक. उत्तरात नावं झाकली होती. सूचनांत झाकायची राहून गेली.

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "सही नाही," एवढंच म्हणाले.

घरी येऊन दादावर उखडले. इतकं सगळं सुचलं, हेच कसं नाही सुचलं तुला? तो म्हणाला की त्याने सूचना पहिल्याच दिवशी बंद केल्या होत्या, फार बडबड होते म्हणून. आणि मग म्हणाला, "ही खिडकी तुझी आहे. प्रत्येक वेळी मी कशाला सांगायला हवं?"

खाली निघून गेला. चहा न घेता.

मंगळवार, ४ एप्रिल

आठवडाभर भोकं बुजवत होते. एक बुजवलं की दुसरं दिसायचं. सूचनांत नावं, चूक दाखवणाऱ्या संदेशात नावं, जुन्या प्रश्नांच्या यादीत नावं. फुल्या मारून मारून जीव गेला. दोनदा राजीनामा लिहावासा वाटला. एकदा तर मॅनेजरबाईंच्या दारापर्यंत गेलेही, त्या नव्हत्या म्हणून परत आले.

आज बसमधून जाताना खिडकीच्या काचेवर कुणीतरी आतून कागद चिकटवला होता, ऊन लागू नये म्हणून. एक कोपरा सुटून फडफडत होता. त्याच्याकडे बघता बघता डोक्यात लख्ख झालं. मी खरं नाव खिडकीपर्यंत आणतेच कशाला? आणून मग झाकायचं, म्हणजे कुठेतरी कोपरा सुटणारच. नाव डेटाबेसच्या बाहेरच पडता कामा नये. खिडकीकडे येतानाच त्याच्या जागी बनावट नाव यावं. जे झाकलंय ते कुणीतरी उघडेल. जे आलंच नाही ते कुठून उघडणार?

बस माझा थांबा सोडून पुढे गेली. चालत परत आले, चालताना हसत होते.

दादाला सांगायला खाली गेले. त्याने शेवटपर्यंत मध्ये न बोलता ऐकलं, आणि हात पुढे केला. म्हटलं काय हवंय? "हात मिळव," तो म्हणाला. दादाने माझ्याशी हात मिळवल्याचं मला आठवत नाही. लहानपणी टपल्याच मिळायच्या.

बुधवार, १२ एप्रिल

तिजोरीसाहेबांनी पुन्हा दोन दिवस झटापट केली. आज दुपारी त्यांनी सही केली!

माझा हात कागद घ्यायला पुढे झाला तर त्यांनी तो कागद सोडलाच नाही. म्हणाले, संध्याकाळी तुझ्याबरोबर येतो. घरी. मी बसमध्ये सारखी त्यांच्याकडे बघत होते. इतका मोठा अधिकारी, आणि तळहातांचा घाम पँटला पुसत होता.

दार वहिनींनी उघडलं. दादा आतल्या खोलीत होता. पावलं ऐकूनच त्याला कळलं.

"दोन वर्षं झाली," दादा म्हणाला. "रस्ता विसरलास?"

"रस्ता माहीत होता. काय बोलायचं ते कळत नव्हतं."

"मग आता कळलं?"

"नाही," तिजोरीसाहेब म्हणाले. "पण भांडायचं आहे. तुझी ती थोड्या माणसांची अट फार कडक आहे. लहान रक्तकेंद्रांना कुठल्याच प्रश्नाचं उत्तर मिळणार नाही."

मला वाटलं, दादा आता जा म्हणणार. त्याने शेजारची खुर्ची पायाने पुढे सरकवली. "बस," म्हणाला, "तुला तेव्हाही मोजता येत नव्हतं."

आणि जे सुरू झाले! मला मध्ये एक शब्द टाकू देईनात. माझी खिडकी, माझी सही, आणि मी दाराला टेकून उभी. अंधारून आलं तरी दोघांना भान नव्हतं. वहिनी दिवा लावू का म्हणाल्या तर दादा म्हणाला, "लाव गं, त्याला दिसत नसेल." तिजोरीसाहेब आधी चपापले आणि मग इतके हसले की त्यांना ठसका लागला.

वहिनी स्वयंपाकघरात डोळे पुसत होत्या. कांदा चिरत असाव्यात.

सोमवार, २४ एप्रिल

आजचं आजच लिहायला हवं.

तिजोरीसाहेबांनी मागे लागून दादाला खिडकीच्या चाचणीसाठी करारावर बोलावलं होतं. आज त्याचा पहिला दिवस. कानाला हेडफोन लावून तो माझ्या शेजारच्या टेबलावर बसला आणि अकराच्या सुमारास रुग्णालयातून फोन आला. एका बाळंतिणीला ओ निगेटिव्ह रक्त तातडीने हवं होतं. आमचा स्क्रीन सांगत होता, सगळ्या केंद्रांत मिळून एकही पिशवी नाही. पण मागच्याच आठवड्यात आमच्याशी जोडलेल्या नव्या केंद्राने कळवलं की त्यांच्या फ्रिजमध्ये पिशव्या समोर दिसतायत.

खिडकी उघडली. अर्ज नाही, वाट बघणं नाही. टेबलात पिशव्या होत्याच! गट, तारीख, केंद्र, सगळं नीट. मग शोधल्यावर सापडत का नाहीत? अख्खी टीम माझ्या स्क्रीनभोवती गोळा झाली. तिजोरीसाहेबही धावत आले. सगळ्यांना तेच दिसत होतं: ओ निगेटिव्ह, ओ निगेटिव्ह, ओ निगेटिव्ह. कुणी म्हणालं सर्व्हर अडकलाय, कुणी म्हणालं शोधाचा कोड बिघडलाय. मी कोडच्या मागे लागणार तेवढ्यात दादा म्हणाला, "ओ कुठे आहे?"

मी म्हटलं, दादा, आत्ता नको. समोर तर दिसतोय.

त्याने हेडफोनची पिन काढली आणि आवाजाचा वेग आमच्यासारख्यांसाठी कमी केला. ती बाई सगळ्या खोलीला ऐकू येईल असं बोलली: शून्य निगेटिव्ह. शून्य निगेटिव्ह. शून्य निगेटिव्ह.

नव्या केंद्रातलं यंत्र ओ गट शून्याने लिहीत होतं, कुठे कुठे तशी पद्धत आहे. आम्ही शोधत होतो इंग्रजी ओ. स्क्रीनवर दोन्ही गोल सारखेच. डोळ्यांना फरक कळलाच नसता, दिवसभर बघत बसलो असतो तरी.

"एकेक पिशवी हातात घेऊन लेबल बघायला सांग," दादा म्हणाला. "रक्ताच्या बाबतीत माझ्या कानावरही विश्वास नको."

केंद्राला फोन लावला. त्यांनी प्रत्येक लेबल वाचून दाखवलं आणि आम्ही जुळवत गेलो. मग मी एडिटरमध्ये बदल लिहिला. खिडकीने आधी प्रतीवर करून सांगितलं: फक्त या केंद्राच्या नोंदी बदलतील, बाकी कशालाही धक्का नाही. दुसऱ्या माणसाचा होकार हवा होता. तिजोरीसाहेबांनी उभ्या उभ्याच दिला. शोध पुन्हा चालवला आणि पिशव्या स्क्रीनवर आल्या. तोवर केंद्राची गाडी पहिली पिशवी घेऊन निघालीही होती.

जेवण कुणाला सुचलं नाही. साडेतीनला रुग्णालयातून फोन आला. रक्तस्राव थांबलाय, आई शुद्धीवर आहे, मुलगी झालीय. मी ते मोठ्याने सांगितलं आणि आमच्या त्या घुम्या ऑफिसात लोकांनी टेबलं वाजवली.

दादा वळून बसला होता. मला वाटलं दमला. जवळ गेले तर म्हणाला, "पिटुकले, खिडकीत एक नवा इशारा टाक. दिसायला सारखं आणि ऐकायला वेगळं असं काही सापडलं तर तिने आपणहून सांगायचं." त्याचा आवाज बसला होता. सर्दी झाली असणार, एसी फार थंड ठेवतात तिथे.

मंगळवार, २ मे

काम बाहेर जात नाही. टीम तशीच राहणार. खिडकी कंपनीच्या सगळ्या शाखांमधल्या सगळ्या प्रोग्रॅमरना मिळणार, आणि ती सांभाळणाऱ्या गटाची प्रमुख मी. हे वाक्य मी दोनदा लिहून पाहिलं.

दादाला कायमची नोकरी. करार नाही, उपकार नाही. तिजोरीसाहेबांनी मॅनेजरबाईंना सांगितलं म्हणे, की हा नसेल तर सही परत द्या.

येताना वहिनींसाठी हौसेने किटली घेतली. खाली द्यायला गेले तर त्यांच्या ओट्यावर किटली खळखळ उकळत होती, तीच जुनी. आजच दुरुस्त होऊन आली म्हणाल्या. योगायोग बघा! आता ही नवी मला ठेवून घ्यावी लागणार. वहिनींनी मला एकदम जवळ घेतलं आणि बराच वेळ सोडलं नाही. एवढं काय किटलीत!

सोमवार, १५ मे

कायमच्या नोकरीचा पहिला दिवस म्हणून सकाळी दादा जिन्यात माझ्या आधी तयार होऊन उभा. इस्त्रीचा शर्ट, हातात पांढरी काठी. ती काठी त्याने दोन वर्षं कपाटातून काढली नव्हती, आज स्वतःहून काढली. बसमध्ये कुणीतरी त्याला बसायला जागा दिली, तर ती त्याने मला दिली.

कराराची परवानगी संपली होती, म्हणून ऑफिसात सगळ्यांसारखाच त्यालाही खिडकी मिळवायला एकदाच करायचा परवानगीचा अर्ज भरावा लागला. नियम सगळ्यांना एकच, आणि तो सुचवलाही त्यानेच होता. मी म्हटलं मी भरते, तर मला हाकललं. स्वतः भरला. त्यात एक प्रश्न असतो, तुम्हाला डेटाबेस कशासाठी पाहायचा आहे? दादाने लिहिलं: पाहायचा नाही, ऐकायचा आहे.

मंजुरी लगेच आली. खाली तिजोरीसाहेबांनी एक ओळ जोडली होती: आवाज कमी ठेव, शेजारी मी बसतो.

दादाने ती ओळ दोनदा वाचून घेतली, बोटांनी बटण शोधलं आणि आवाज वाढवला.